नुसत्या हाताने

नोकरीची एकतीस वर्षं माझा डावा हात जनावराच्या शेपटीवर आणि उजवा हात खांद्यापर्यंत जनावराच्या आत होता. लग्नकार्यात शेजारी बसलेल्या माणसाने "आपण काय करता?" असं विचारलं की मी "सरकारी नोकरी" एवढंच सांगायचो. पुढचं सांगितलं की तो माणूस काहीतरी निमित्त काढून पंगतीतली जागा बदलायचा.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "दिवाळीचा अंक आहे, जनावरांच्या काही गमती लिहा." गमती पुष्कळ आहेत, पण कागद पुढे घेतला की मला चांदी नावाची गाय आठवते आणि बाकीच्या गमती बाजूला राहतात. म्हणून एक गंमत सांगतो आणि चांदीकडे येतो. सणासुदीला असलं वाचायचं नसेल त्यांनी खुशाल पुढच्या पानावर जावं, मला राग येणार नाही.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. मी वसई तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर वेगळे, त्यांच्याकडे पदवी असते. आमच्याकडे पदविका आणि मोटारसायकल असते. पण शेतकरी दोघांनाही डॉक्टरच म्हणतो. पहिली पाच वर्षं मी लोकांना दुरुस्त करत होतो. नंतर सोडून दिलं, आणि नंतर तर ते ऐकायला बरं वाटायला लागलं.

काम म्हणाल तर चार प्रकारचं. गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करायचं, तीन महिन्यांनी आत हात घालून ती गाभण आहे का ते बघायचं, लसी टोचायच्या आणि वार काढायची. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पोटात वासराभोवती जे आवरण असतं त्याला वार म्हणतात. गाय व्यायली की आठ-दहा तासांत ती आपोआप पडते. नाही पडली तर आतच कुजते, आणि मग कोणीतरी हात घालून ती सोडवावी लागते. सदऱ्याची बटणं अंधारात काजातून काढावीत तशी आतली एकेक गाठ बोटांनी सोडवायची. एक तुकडा मागे राहिला तरी गाय जाते. खेचली तरी जाते. तास-तास लागायचा, आणि हाताला आठवडाभर जो वास यायचा त्याला कोणताच साबण पुरा पडायचा नाही.

या कामात मी तालुक्यात नावाजलेला होतो. माझा हात बारीक आणि लांब. खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे मोजे दवाखान्यात कधी असायचे, कधी नसायचे, पण खरं सांगतो, असले तरी मी वापरत नसे. कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळायचं आणि कामाला लागायचं. कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असायचं: "मोज्यातून बोटांना कळत नाही. नुसता हात पाहिजे." हे वाक्य मी किती गोठ्यांत आणि किती लोकांसमोर म्हटलं असेल याची मोजदाद नाही.

आता ती गंमत. मनवेलपाड्यातले एक निवृत्त मास्तर रोज पहाटे घरचा स्टीलचा पेला घेऊन जवळच्या तबेल्यात जायचे. म्हशीच्या सडाखाली पेला धरायचे आणि तिथेच उभ्या उभ्या फेसासकट दूध प्यायचे. धारोष्ण दूध म्हणजे अमृत, असं त्यांचं मत, आणि मतं बदलण्याचं त्यांचं वय नव्हतं. एक दिवस ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, "त्या तबेल्यातल्या म्हशी तपासा. त्यांच्यात दोष आहे."

"का हो? काय झालं?"

"मला तीन महिने ताप आहे."

"मग तुम्हाला तपासायला हवं, म्हशीला कशाला?"

"मला सगळ्यांनी तपासलं," मास्तर चिडून म्हणाले. "मलेरिया झाला, टायफॉईड झाला, आता क्षयाचं औषध सुरू करू म्हणतात. रोज दुपारनंतर ताप चढतो, रात्री घामाने चादर भिजते, सकाळी मी ठणठणीत. कंबर मात्र मोडून गेलीय. म्हैस सोडून कोणी शिल्लक राहिलं नाही."

मी हसलो होतो खरा, पण प्रशिक्षणात शिकलेलं एक पान डोक्यात उघडलं. तबेल्यात विचारलं तर त्या वर्षात तीन म्हशी गाभडल्या होत्या, म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ टाकला होता. मी मास्तरांना चिठ्ठीवर एक शब्द लिहून दिला, ब्रुसेला, आणि म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना हा रक्ततपास करायला सांगा. तपास आला. तोच आजार निघाला. सहा आठवडे गोळ्या घेऊन मास्तर उभे राहिले आणि पेढे घेऊन आले. मी आधी विचारलं, कुठल्या दुधाचे? ते म्हणाले, त्याच तबेल्यातल्या. खवा आटवलेला असतो म्हणून मी खाल्ले.

आमच्या सरकारी कागदावर या आजाराचं नाव सांसर्गिक गर्भपात. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते. त्या गर्भात, वारेत, पाण्यात रोगाचे जंतू खच्चून भरलेले असतात. दुसरी गाय ते हुंगते, चाटते, तिथलं गवत खाते आणि तिला लागण होते. माणसाला कच्च्या दुधातून होतो आणि हातातून होतो. नखाजवळ एवढीशी चीर असली तरी पुरते. कालवडीला लहानपणी एक लस टोचली की जन्माचं काम होतं, पण "चांगल्या वासराला सुई कशाला?" म्हणणारं घर दर गल्लीत एक तरी भेटायचं. आणि एकदा लागण झालेली गाय वरून धडधाकट दिसते. खाते, पिते, पुढच्या वेळी कदाचित नीट वितेसुद्धा. पण दर वेळी विताना आणि दुधातून ती रोग वाटत राहते. तिच्यावर खात्रीचा उपाय नाही.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं त्याचं कारण आहे. मास्तरांच्या प्रकरणापासून दवाखान्यात या आजाराचा जाणकार म्हणून माझंच नाव घेतलं जायचं. तेव्हा पुढे जे घडलं त्याबद्दल मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

करोना ओसरल्यानंतरची गोष्ट. सांडोरला भास्करभाऊंची केळीची आणि भाजीची वाडी आहे. माझं त्या घरी वीस वर्षांचं येणं-जाणं. भाऊ सरळ माणूस, बोलणं कमी. मालतीवहिनींनी चहाबरोबर काही न दिल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याकडे तीन गाई. त्यातली चांदी म्हणजे संकरित, काळी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. स्वभावाने इतकी गरीब की तिला तपासताना शेपूट धरायलाही माणूस लागायचा नाही.

होळीच्या आधी भाऊंचा फोन आला, चांदी सातव्या महिन्यात गाभडली आणि वार अडकली. मी गेलो. वाडीत तेव्हा भाजी खुडायला चिंचोटीहून बाया यायच्या. त्यातली सुगंधा नावाची एक, पंचविशीची, हुशार आणि बोलकी. बाकीच्या बाया नाक दाबून लांब गेल्या. ही गरम पाण्याची बादली घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली, आणि मी आत काय करतोय ते विचारत राहिली.

"काका, आता काय लागतंय हाताला?"

"गाठ. ती दोन बोटांत धरायची, फिरवायची आणि सोडायची. ओढायचं नाही."

"आनि ते मोजं नाय घालीत तुमी? आमच्या इकडं एक डॉक्टर येतात ते घालतात."

"मोज्यातून बोटांना कळत नाही," मी म्हणालो. "नुसता हात पाहिजे."

ती मान हलवून "बरोबर हाय" म्हणाली. मला शिष्य भेटल्याचा आनंद झाला होता, हे कबूल करतो.

वार निघाली. आता ती पुरायची, खोल खड्ड्यात, वर चुना टाकून. पुस्तक असं सांगतं. पण आमच्याकडे काही घरांत जुनी रीत आहे. वार मातीत घालत नाहीत. गोणपाटात गुंडाळून चिकाच्या झाडाला टांगतात, वडाला नाहीतर उंबराला. झाडाला चीक तसं गाईला दूध, असा त्यामागचा भाव. मालतीवहिनींनी गोणपाट आणि सुंभ आणून दिला. मी इतकी वर्षं त्या घरच्या गाईंची वार त्या उंबराला टांगत आलो होतो. माझ्या हातची गाठ सुटत नाही असं वहिनी कौतुकाने म्हणायच्या. गाभडलेल्या गाईची वार टांगू नये एवढं मला कळत होतं. पण वहिनी गोणपाट धरून उभ्या होत्या, मी दमलो होतो, आणि नाही म्हणायचं म्हणजे सगळं समजावत बसायचं. मी बांधली. गाठ सुटली नाही, पण तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी गोणपाटच फाडलं आणि ते सगळं ओढत बावखलाच्या काठावर नेलं. बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. आजूबाजूच्या पाच घरांची जनावरं त्याच्या काठावर चरायची.

पुढच्या दोन महिन्यांत भाऊंची दुसरी गाय गाभडली. मग शेजाऱ्यांची. मी भाऊंच्या तिन्ही गाईंचं रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला तो मला आधीच माहीत होता.

मी भाऊंना अंगणात बसवून सांगितलं.

"औषध?"

"नाही."

"मग करायचं काय चांदीचं? कायद्याने मारता येत नाही, आणि येत असतं तरी आपण मारणार आहोत का?"

"वेगळी बांधायची. गाभण राहू द्यायची नाही. दूध उकळल्याशिवाय वापरायचं नाही. आणि शेजारी सगळ्यांना सांगायचं, म्हणजे ते त्यांच्या गाई तपासून घेतील."

"शेजाऱ्यांना मी सांगतो," भाऊ म्हणाले. "मला चार दिवस द्या डॉक्टर. एकदम सांगितलं तर अख्ख्या आळीचं दूध बंद होईल, आणि लोक म्हणतील भास्करच्या घरातून आलं."

मी चार दिवस दिले. वर साहेबांना कळवायचा कागद माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. भाऊंच्या शब्दाखातर ठेवला असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण दुसरं होतं. कागद गेला की चौकशी होणार, ती वार कुठे टाकली विचारणार, आणि सगळी आळी सांगणार की डॉक्टरांनीच तर उंबराला बांधली. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव त्या उंबराला टांगलं जाणार होतं. चार दिवसांचे चार आठवडे झाले. मी त्या रस्त्याने जाणं टाळायला लागलो. नंतर कधीतरी भाऊ बाजारात भेटले आणि म्हणाले, चांदीची सोय लावली, काळजी करू नका. मी कुठे लावली ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं एवढंही मला वाटलं नाही, सुटल्यासारखं मात्र वाटलं.

नवरात्राच्या सुमाराला चिंचोटीहून फोन आला. "काका, सुगंधा बोलतेय. भाऊंच्या वाडीवरची. गाय गाभन हाय का तेवढं बघून जा नं."

मी गेलो. अंगणात करंजाच्या झाडाला गाय बांधलेली. काळी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका.

भाऊंनी तिला अर्धेलीने दिली होती. म्हणजे गाय भाऊंची, सांभाळणार सुगंधा, दूध तिचं आणि पहिलं वासरू झालं की दोघांचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत आहे ती, आणि घेणारा नेहमी उपकारच मानतो. सुगंधाची सासू पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर येणाऱ्या लोकांसाठी चहाची टपरी लावायची. तिला दूध विकत घ्यावं लागायचं, ते आता घरचं झालं होतं. सुगंधाने गाईला हळदकुंकू लावलं होतं. नवरा बाळाराम गोदामात हमाली करायचा, त्याने सुट्टीच्या दिवशी तिच्यावर पत्र्याचं छप्पर घातलं होतं.

"भाऊंनी माझं भलं केलं, काका," ती म्हणाली. "नाहीतर अशी गाय आमाला कुठली?"

मी आत हात घातला. नुसताच. गावातल्या वळूपासून चार महिन्यांची गाभण होती.

त्या वेळी सांगायला काय हरकत होती? एक वाक्य होतं. सुगंधा, या गाईला रोग आहे. पण मग ती विचारणार, भाऊंना माहीत होतं का? आणि त्यानंतर विचारणार, तुमाला? मी हात धुतले आणि म्हणालो, "गाभण आहे. दूध नेहमी उकळून घ्या. आणि विताना मला बोलवा. तुम्ही हात लावू नका." का, ते सांगितलं नाही. कारण न सांगता दिलेली सूचना कोण किती पाळतो हे मला तेव्हाही चांगलं माहीत होतं.

संक्रांतीला पुन्हा गेलो. दोन-तीनदा फोन केला होता, गाय बरी आहे ना म्हणून. सुगंधाला वाटत होतं मी किती आपुलकीने चौकशी करतो. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. सासू हसून म्हणाली, "डॉक्टर, आमच्या घरात आता दोघी गाभन हायेत." सुगंधा लाजून आत गेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच राहिलं होतं. मी तिळगूळ खिशात टाकला. त्या दिवशी मी खरोखर तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाळाराम कामावरून आला, चहा झाला, पुढच्या गोष्टी निघाल्या. बाहेर पडताना मी पुन्हा तेच म्हणालो, विताना मला बोलवा, तू लांब राहा. "व्हय व्हय," ती म्हणाली.

तिने मला बोलावलं. हे मला नीट नोंदवायचं आहे, कारण चूक तिची नाही. होळीच्या दिवसांत आमची लाळ्या-खुरकुताची लसीकरण मोहीम चालू होती. दिवसभर गोठ्यामागून गोठे. लशीच्या बर्फाच्या पेटीबरोबर माझी पिशवी गाडीवर आणि पिशवीत फोन. संध्याकाळी बघितलं तर तिचे पाच फोन येऊन गेले होते. मी उलट लावला तर लागला नाही. सकाळी उजाडताच निघालो.

चांदी उभी होती, चारा खात होती. वासरू अशक्त जन्मलं होतं आणि रात्रीच गेलं होतं. सुगंधा दारातच समोर आली. दमलेली, पण चेहरा फुललेला.

"वासरू नाय ऱ्हायलं, काका. पन गाय वाचवली. वार अडकली व्हती नं, दिवसभर तुमची वाट बघितली, मंग मीच काढली. तुमी त्या दिशी केली नं तशीच. खोबरेल लावलं, गाठ दोन बोटांत धरायची, फिरवायची, ओढायचं नाय. एक तुकडा नाय ऱ्हायला आत. बघा तुमी."

तिने दोन्ही हात पुढे केले, मला दाखवायला. उजव्या अंगठ्याच्या नखाजवळ विळीने कापलेली बारीक चीर होती.

"मी म्हणालो होतो ना, हात लावू नको?" मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने की सासू बाहेर आली.

"गाय मेली असती की," सुगंधा गोंधळून म्हणाली. "आनि मोजं कुठं हाय माझ्याकडं? तुमीच म्हनला व्हता, नुसता हात पायजे."

मी गाय तपासली. आत खरंच एक तुकडा राहिला नव्हता. इतकं स्वच्छ काम माझ्याकडूनही क्वचित झालं असेल.

तेव्हाही मी तिला घेऊन थेट दवाखान्यात गेलो असतो तर? हा प्रश्न मी आज तुमच्यासमोर ठेवत नाही, माझ्यापुढे तो रोजच असतो. मी तिला गरम पाण्याने आणि जंतुनाशकाने हात धुवायला लावले, वार आणि वासरू खोल पुरून वर चुना टाकला, आणि घरी आलो. सगळ्यांनाच होतं असं नाही, अशी माझ्या मनाची समजूत घातली.

तीन आठवड्यांनी तिला ताप भरला. दुपारनंतर चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. सरकारी दवाखान्यात मलेरियाचं रक्त घेतलं, टायफॉईडचं घेतलं, गोळ्या दिल्या. बाळारामने मला फोन केला तो वेगळ्याच कामासाठी, चांदीला चारा कुठला द्यायचा ते विचारायला. बोलता बोलता म्हणाला, सुगंधाला बारा दिवस ताप हाय, आता पोटात पन दुखतंय. मी जेवणाच्या ताटावरून उठलो.

त्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. मी तिला सांगितलं, ब्रुसेला तपासा. तिने विचारलं, "तुम्हाला संशय का येतोय?" आणि मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. गाय, अहवाल, तारखा. तिने पेन खाली ठेवलं.

"अहवाल वर्षभर तुमच्याकडे होता?"

"हो."

ती लगेच मुंबईला मोठ्या रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी लिहायला लागली. तपास आला, तोच आजार. गरोदर बाईला औषधं जपून द्यावी लागतात, ती सुरू केली. पण चौथ्या दिवशी सुगंधाचं मूल गेलं. सहावा महिना लागलेला. मुलगी होती. या आजारानेच गेलं असं लिहून देता येत नाही, डॉक्टर म्हणाले, तरी दुसरं कारणही त्यांना दिसत नव्हतं. माझ्या मनात मात्र शंका नव्हती.

तो खणातला कागद मी वर पाठवला. साहेबांनी खुलासा मागवला, तो दिला. सांडोरच्या आळीतल्या सगळ्या गाई तपासल्या गेल्या, आणखी चार निघाल्या. माझं रक्तही तपासलं, त्यातही निघाला. कंबर दोन वर्षं धरलेली असायची ती मी मोटारसायकलच्या माथी मारत होतो. सहा आठवड्यांच्या गोळ्या घेतल्या. भाऊंच्या घरात कोणालाच काही झालं नव्हतं. भाऊ म्हणाले, "इतकं होईल असं आम्हाला काय माहीत?" त्यांना मी काय बोलणार? मला माहीत होतं.

महिनाभराने मी चिंचोटीला गेलो. सुगंधा ओटीवर बसली होती, वाळलेली. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, उंबरापासून सुरुवात करून.

"म्हंजे नवरात्रात आलावता तवा तुमाला ठाव व्हतं?"

"हो."

"तिळगूळ दिला तवा पन?"

"हो."

ती उठून आत गेली. सासूने मला बसा म्हटलं नाही. मी चांदीपाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो. माफी मागितली होती, पण ती कुणाला पोचल्याचं दिसलं नाही, आणि पोचावी अशी अपेक्षा करायचा मला हक्कही नव्हता.

तरी मी जात राहिलो. औषधं वेळेवर घेते का ते बघायला, असं निमित्त होतं. एकदा मी सुचवलं की चांदीला मी इथून हलवतो. ओळखीची एक गोशाळा आहे, तिथे ठेवून घेतील. मला वाटलं, ती गाय रोज डोळ्यांसमोर नको. मी तिच्या भल्याचंच बोलत होतो.

सुगंधाने माझ्याकडे बघितलं.

"तिथं दुसऱ्या गाया नाय का?"

मी मान डोलावली.

"तिथं तिचं शेन काढनारी मानसं नाय का? त्यांस्नी कोन सांगल? तुमी?" ती रागाने बोलत नव्हती, नुसतं विचारत होती. "ऱ्हाऊ दे इथंच. ठाव असून दुसऱ्याच्या दारात कशी बांधू?"

तेव्हापासून चांदी त्याच करंजाखाली आहे. तिला वळू दाखवत नाहीत. तिचं दूध काढत नाहीत, ते आटून गेलं. तिच्याजवळ दुसरं जनावर बांधत नाहीत. टपरीसाठी दूध पुन्हा विकत येतं. एक काही न देणारी गाय ते घर चाऱ्यावर सांभाळतं आहे, एवढं मी तालुक्यातल्या कुठल्याही बागायतदाराकडे पाहिलं नाही. मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात माझ्या हाताबद्दल भाषणं झाली. मी मध्येच उठून बाहेर गेलो.

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस चिंचोटीला मोज्यांचा खोका घेऊन गेलो होतो. आता मी ते पदरचे आणतो आणि गोठ्या-गोठ्यांत वाटतो, लोक हसले तरी. सुगंधा घरी नव्हती. पाड्यावर कोणाची तरी गाय व्यायली होती आणि वार अडकली होती. नवीन पर्यवेक्षक दूर कुठेतरी होता, म्हणून तिला बोलावलं होतं. ती आता बऱ्याच घरी जाते असं सासूने सांगितलं. सुगंधाला नंतर मूल राहिलेलं नाही.

मी त्या गोठ्यात गेलो. ती गाईमागे उभी होती, खांद्यापर्यंत मोजा, तोंडाला फडकं, डोळे मिटलेले. शेजारी एक बाई गरम पाण्याची बादली धरून होती. त्या बाईचा हात भरून आला तेव्हा बादली मी घेतली. अर्धा तास लागला. सगळी वार बाहेर आली, तिने पसरून तपासली, तुकडा मागे नव्हता. खड्डा आधीच खणलेला होता, शेजारी चुना ठेवलेला होता. मालकीणबाई काहीतरी कुरकुरली, आमच्यात पुरत नाहीत, झाडाला टांगतात म्हणून. सुगंधा एकच शब्द बोलली, "पुरा," आणि ते पुरलं गेलं.

मग ती बाहेर आली, मोजा उलटा करून काढला, पिशवीत टाकला, आणि माझ्या हातातल्या बादलीत हात धुवायला वाकली.

"काका," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मोज्यातून पन समदं कळतं."